जुन्या अ‍ॅक्रिलिक टाकीचा संप: वीज जाणार हे धरूनच

घरात पहिल्यांदा "मी संप करतोय" म्हटलं, तेव्हा आईने भाकरी थापता थापता विचारलं, "कुणाविरुद्ध?" तिला समजावायला अर्धा तास गेला. तुम्हालाही घरच्यांना समजवावं लागणार, म्हणून आधी तेच सांगतो.

संप म्हणजे माशांच्या मुख्य टाकीखाली ठेवलेली दुसरी टाकी. वरचं पाणी कडेवरून ओसंडतं, पाइपाने खाली उतरतं, खालच्या टाकीत कप्प्याकप्प्यांतून गाळलं जातं आणि शेवटच्या कप्प्यातला पंप ते परत वर चढवतो. वरच्या टाकीत मासे, दगड, प्रकाश एवढंच दिसतं. स्किमर (बुडबुड्यांच्या फेसातून पाण्यातली घाण वेगळी काढणारं यंत्र), गाळणी, थर्मामीटर, वायरींचा पसारा सगळा खाली लपतो. पाण्याचा एकूण साठा वाढतो, त्यामुळे चुका पचतात. शिवाय वरच्या पाण्यावर येणारी तेलकट साय आपोआप खाली ओढली जाते. खाऱ्या पाण्याची टाकी असेल तर तिच्यावर खर्च करण्यासारखी पहिली गोष्ट संपच, असं माझं मत आहे.

मी दापोली तालुक्यात, हर्णैजवळ राहतो. पावसाळ्यात आमच्याकडे वीज जाणं म्हणजे बातमी नाही. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं, त्यानंतर किनाऱ्यावरच्या गावांत कितीतरी दिवस अंधार होता. म्हणून पुढचं सगळं एकाच प्रश्नाभोवती आहे: पंप अचानक बंद पडला, तर घरात पाणी होईल का? संप चालू असताना सगळे चांगलेच चालतात. तो बंद पडतो तेव्हा त्याची परीक्षा असते.

जुनी अ‍ॅक्रिलिक टाकी का, आणि कशी पारखायची

अ‍ॅक्रिलिकला चरे फार लवकर पडतात. दोन-चार वर्षं वापरलेली टाकी समोरून धुरकट दिसते, दिवाणखान्यात ठेवायच्या लायकीची राहत नाही आणि मालक ती स्वस्तात काढतो. आपल्याला ती ओट्याखाली ठेवायची आहे, तिथे चरे बघायला कोण येतंय? काचेच्या निम्म्याहून कमी वजन असतं, त्यामुळे दोघांनी उचलून एसटीच्या मागच्या सीटवरसुद्धा आणता येते (आणली आहे, कंडक्टरने सामानाचं तिकीट घेतलं).

पारखताना चरे सोडा, सांधे बघा. टाकी उन्हाकडे धरून प्रत्येक कोपरा खालपासून वरपर्यंत नजरेखालून घाला. चांगला सांधा पाण्यासारखा पारदर्शक असतो. एखाददुसरा बुडबुडा चालतो. पण सांध्यात सलग पांढरी रेघ असेल, किंवा कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक भेगा आतून चमकत असतील, तर टाकी तिथेच सोडून या. अशा भेगा बहुतेक वेळा कुणीतरी स्पिरिट, थिनर किंवा काच पुसायच्या फवाऱ्याने टाकी पुसल्यामुळे येतात. तुम्हीही यातलं काहीच वापरू नका.

दुसरं, लांब बाजूला सरळ पट्टी लावून फुगवटा बघा. थोडा बाक ठीक, पण पट्टी आणि भिंत यांच्यात मध्यभागी बोट जात असेल तर नको.

तिसरं विचारायचं ते औषधाचं. आधीच्या मालकाने पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगावर तांब्याचं औषध वापरलं होतं का? माशांना ते पचतं, पण कोळंबी, खेकडे, शंख यांना तांबं अजिबात सोसत नाही. कोळंबी ठेवायचा विचार असेल आणि मालक "आठवत नाही" म्हणाला, तर ते "हो" समजा.

टाकी घरी आणली की लगेच कापायला बसू नका. अंगणात, सावलीत, सपाट प्लायवर ठेवून काठोकाठ भरा आणि दोन दिवस तशीच ठेवा. खाली कोरडं वर्तमानपत्र पसरा. ओल आली की कागद लगेच सांगतो.

कडेला साचलेला चुन्याचा पांढरा थर पाणी घातलेल्या व्हिनेगरने किंवा वाण्याकडच्या लिंबूसत्त्वाने सुटतो. मऊ सुती फडकं घ्या, जुन्या लुगड्याचं सगळ्यात उत्तम. शेजारच्या काकूंनी आमसुलाने घासायला सांगितलं होतं, त्यांच्या तांब्या-पितळेला ते ठीक आहे. ब्लीचने निर्जंतुक करायचं असेल तर ते वेगळ्या दिवशी, टाकी नीट धुऊन झाल्यावर. ब्लीच आणि व्हिनेगर एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो.

कापण्याआधी कागदावर

हा भाग कंटाळवाणा आहे आणि इथेच सगळे घाई करतात. माझी मापं देतो, तुमची तुम्ही घाला.

वरची काचेची टाकी ४८ × १८ × १८ इंच, म्हणजे काठोकाठ साधारण २५५ लिटर. खालची अ‍ॅक्रिलिक टाकी ३६ × १५ × १६ इंच.

वरच्या टाकीचा पृष्ठभाग ४८ × १८ = ८६४ चौरस इंच. खालचीचा ३६ × १५ = ५४०. आता ८६४ ला ५४० ने भागा: १.६. म्हणजे वरच्या टाकीतलं पाणी १ इंच उतरलं की खालचं १.६ इंच चढतं. लिटर-बिटर काही करायची गरज नाही, हा एक आकडा भिंतीवर लिहून ठेवा.

वीज गेली की वरचं पाणी ओसंडायच्या कडेपर्यंत उतरतं. शिवाय पंपाच्या पाइपाचं तोंड पाण्यात बुडालेलं असेल, तर ते तोंड उघडं पडेपर्यंत पाणी उलट खाली ओढलं जातं. माझ्याकडे हे मिळून दीड इंच धरलं. १.५ × १.६ = २.४ इंच. पाइपांत आणि ओसंडणीच्या कप्प्यात अडकलेलं तीनेक लिटर पाणीही खाली येणार, त्याचा आणखी पाव ते अर्धा इंच. म्हणजे पावणेतीन इंच. संपाची उंची १६ इंच, त्यातून पावणेतीन वजा आणि वर एक इंच मोकळा सोडला, तर चालू पाण्याची पातळी १२ इंचांच्या वर कधीच जाता कामा नये. मी ९ वर ठेवली. जागा उरली तर उरली, पाणी लादीवर आल्यावर ती आणता येत नाही.

आता उलटा हिशोब, हा बहुतेकांच्या डोक्यातच येत नाही. समजा वरून खाली येणारा पाइप शेवाळाने किंवा एखाद्या शंखाने तुंबला. पंप खालच्या कप्प्यातलं पाणी वर फेकत राहणार. माझा पंपाचा कप्पा १० × १५ इंच, पाणी ७ इंच खोल. २ इंच उरलं की पंप हवा ओढायला लागतो. म्हणजे ५ इंच पाणी वर गेलं: १० × १५ × ५ = ७५० घन इंच. भागिले ८६४, साधारण पाऊण ते एक इंच. तेवढी जागा वरच्या टाकीच्या काठाखाली मोकळी हवी. मी दीड इंच ठेवली आहे. पंपाचा कप्पा मोठा केला तर पाणी भरायची कटकट कमी होते, पण हा धोका तेवढाच वाढतो.

जागेचं मापही आत्ताच घ्या. स्किमरचा वरचा पेला सरळ वर उचलून काढावा लागतो, त्यामुळे संपाच्या उंचीपेक्षा बरीच जास्त मोकळी जागा वर लागते. मला ३० इंच लागली. आणि संप आत सरकवता येईल एवढं तोंड समोरून हवं. आमच्या ओळखीत एकाने आधी ओटा बांधला आणि मग संप आणला. तो संप आता अंगणात कमळाची टाकी म्हणून छान दिसतो.

स्टँड लोखंडी नको. खारी हवा आणि वरून खारं पाणी ठिबकलं की दोन पावसाळ्यांत पापुद्रे सुटतात. मी दोन्ही बाजूंना जांभ्याच्या चिऱ्यांच्या भिंती घेतल्या आणि वर स्वयंपाकघरातल्या ओट्यासारखा सळ्या घालून स्लॅब टाकला. नुसत्या कडप्प्याच्या फरशीवर एवढं वजन टाकू नका. पाणी, काच आणि दगड मिळून तीनशे किलोंच्या वर जातं.

वरची झालर कापणं

अ‍ॅक्रिलिकच्या बहुतेक टाक्यांना वरून आत वळलेली एक सपाट झालर चिकटवलेली असते. ती शोभेची नाही, भिंती बाहेर फुगू नयेत म्हणून आहे. पण तिच्यामुळे पडद्या (कप्पे पाडणाऱ्या उभ्या पट्ट्या) आणि स्किमर आत जात नाहीत. तेव्हा तिच्यातली भोकं मोठी करायची, झालर पूर्ण काढायची नाही. चारही बाजूंनी किमान दोन इंच ठेवा आणि मधे एक आडवी पट्टी राहू द्या.

कापायच्या रेघेवर दोन्ही बाजूंनी मास्किंग टेप लावा. चारही कोपऱ्यांत आधी ड्रिलने गोल भोकं पाडा आणि मग एका भोकापासून दुसऱ्यापर्यंत जिगसॉने कापा. कोपरा गोलच हवा. काटकोनी कोपऱ्यातून चीर सुरू होते आणि ती कधी सुरू झाली ते कळतही नाही. जिगसॉचं पातं बारीक दातांचं, वेग कमी. वेग वाढला की अ‍ॅक्रिलिक वितळून पात्यामागे परत चिकटतं, वास येतो, आणि तुम्ही घाबरून जोर लावता. जोर लावला की तडकतं. मधूनमधून थांबा, चहा घ्या.

कडा कानसीने आणि पॉलिश पेपरने गुळगुळीत करा. रोज हात घालायचा आहे.

पडद्या

दुकानदार त्यांना बॅफल म्हणतात, मी पडदीच म्हणतो. माझ्या ३६ इंचांची वाटणी अशी: डावीकडून ७ इंच गाळणीच्या पिशवीचा कप्पा, मग १६ इंच स्किमरचा, मग ३ इंचांत बुडबुडे अडवणाऱ्या तीन पडद्या, आणि उरलेले १० इंच पंपाचे.

बुडबुड्यांच्या तीन पडद्यांत सगळी गंमत आहे. पहिली तळापासून ९ इंच उंच, पाणी तिच्यावरून जातं. हीच स्किमरची पातळी ठरवते, म्हणून तुमच्या स्किमरच्या डब्यावर किती खोल पाणी हवं ते वाचूनच तिची उंची ठरवा. दुसरी तळापासून १ इंच वर उचललेली आणि माथा १२ इंचांवर, पाणी तिच्याखालून जातं. तिसरी पुन्हा तळापासून, ८ इंच उंच. वरून, खालून, वरून. खाली जाताना पाण्याचा वेग मंद असला की बुडबुडे वर सुटून जातात. पडद्यांमध्ये एक-एक इंच अंतर ठेवा. कमी ठेवलं तर वेग वाढतो आणि बुडबुडे थेट वरच्या टाकीत, सोडा वॉटरसारखे.

स्किमर खाऱ्या पाण्यातच नीट चालतो. गोड्या पाण्याची टाकी असेल तर ते १६ इंच सिरॅमिक रिंगांना द्या.

आता चिकटवणं. माझी चूक ऐका. पहिल्या वेळी मी पडद्या सिलिकॉनने लावल्या, कारण काचेच्या टाकीला तेच लावतात. सिलिकॉन काचेला धरतं, अ‍ॅक्रिलिकला नुसतं टेकून बसतं. आठ महिन्यांनी एक पडदी सुटून स्किमरवर आडवी झाली. नुकसान झालं नाही, कारण पडदीच्या दोन्ही बाजूंना पाणीच असतं, पण पंपाचा आवाज ऐकून रात्री दोन वाजता उठलो. घरातलं पीव्हीसी पाइपांचं सोल्यूशनही इथे चालत नाही आणि झटपट चिकटणाऱ्या गोंदाने कडा पांढऱ्या पडून ठिसूळ होतात.

अ‍ॅक्रिलिक चिकटत नाही, ते विरघळवून एकजीव करावं लागतं. नेमप्लेट आणि साइनबोर्ड बनवणाऱ्या दुकानांत हे काम रोज होतं. ते क्लोरोफॉर्म किंवा त्यासारखं द्रावक सिरिंजने सांध्यात सोडतात. ते पातळ असतं, दोन कडांमधल्या फटीत आपोआप ओढलं जातं, आणि काही मिनिटांत जोड पकडतो. जिथे फट राहते तिथे त्याच द्रावकात अ‍ॅक्रिलिकचा भुसा विरघळवून केलेला घट्ट लेप भरतात.

माझा सल्ला: टाकी त्या दुकानातच घेऊन जा आणि त्यांच्याकडूनच लावून घ्या. क्लोरोफॉर्मची वाफ यकृताला वाईट, आणि आग किंवा तापलेल्या वस्तूजवळ तिच्यातून अतिशय विषारी वायू तयार होतो. घरीच करणार असाल तर उघड्यावर, वारा पाठीमागून, जवळ गॅस, विडी, उदबत्ती काही नको. मुलांना मामाकडे पाठवा.

दुकानदाराला तीन गोष्टी नक्की सांगा. एक, पडद्या ६ मिलिमीटरच्या शीटमधून करवतीने कापा, लेझरने नको. लेझरच्या कडेत ताण राहतो आणि द्रावक लागलं की तिथे बारीक भेगा फुटतात. दोन, माप आतून, तळाशी आणि वर, दोन्हीकडे घ्या, जुन्या टाकीच्या भिंती थोड्या फुगलेल्या असतात. तीन, गुण्या लावूनच चिकटवा.

आणि हे काम पावसाळ्यात करू नका. द्रावक उडताना सांधा थंड पडतो, हवेतली वाफ त्यावर बसते आणि जोड दुधी होतो. असा जोड कच्चा राहतो. आमच्याकडे आषाढात हवा पिळली तर पाणी निघेल. मार्गशीर्ष-पौषात सकाळी जमिनीकडून समुद्राकडे मतलई वारा सुटतो, कोरडा आणि गार. ती वेळ उत्तम. तेव्हाच्या सांध्यातून मी वर्तमानपत्र वाचू शकतो.

जोड लगेच पकडला तरी पूर्ण ताकद यायला दिवस लागतात. आठवडाभर हात लावू नका, मग पुन्हा दोन दिवसांची पाण्याची परीक्षा.

पाइप

संपाला भोक पाडू नका. पंप आतच बुडवून ठेवा. भोक नाही तर गळती नाही. जुन्या अ‍ॅक्रिलिकवर भोकाच्या कडेने चीर धरायची शक्यता नेहमीच असते.

भोक लागतं ते वरच्या काचेच्या टाकीला, ओसंडणीसाठी. ते काचवाल्याकडून हिऱ्याच्या बिटाने पाडून घ्या, आणि काच टफन्ड (तापवून कडक केलेली) नाही ना ते आधी विचारा. टफन्ड काचेला भोक पाडायला गेलं की तिचा रवा होतो. भोक न पाडता काठावर लटकवायचे सायफनचे डबेही मिळतात. मी ते सुचवत नाही. त्यांच्यात हवा शिरून सायफन तुटला तर वीज परत आल्यावर पंप पाणी वर चढवतो आणि खाली येणारी वाटच नसते.

सामान हार्डवेअरच्या दुकानात मिळतं: टाकी निप्पल, एल्बो, युनियन (उघडता येणारा जोड), टेफ्लॉन टेप. उतरता पाइप ३२ मिलिमीटरपेक्षा लहान नको, ४० असेल तर आवाजही कमी. त्याच्यावर कुठेही व्हॉल्व्ह बसवू नका. शक्य असेल तर दुसरा रिकामा पाइप थोड्या वरच्या पातळीवर ठेवा, पहिला तुंबला तर हा वाचवतो. चढत्या पाइपावर मात्र युनियन हवंच, नाहीतर पंप धुवायला पाइप कापावा लागेल. पितळी किंवा लोखंडी काहीही पाण्यात येऊ देऊ नका. पितळी नोझल दिसायला मजबूत असते, पण तिच्यात तांबं आहे.

पंप किती मोठा? टाकीच्या पाण्याच्या तासाला तीन ते पाच पट फेर पुरे. माझ्या २५५ लिटरला १००० लिटरच्या आसपास. पण डब्यावरचा आकडा शून्य उंचीचा असतो. चार फूट चढवायचं असेल तर डब्यावर 'हेड', म्हणजे पंप जास्तीत जास्त किती उंच पाणी चढवतो ते, किती लिहिलंय ते बघा. ३ मीटर हेडचा, तासाला २००० लिटरचा पंप मला चार फुटांवर पुरतो.

चढत्या पाइपाचं तोंड पाण्याच्या पृष्ठभागाजवळच ठेवा, आणि पृष्ठभागाच्या किंचित खाली पाइपाला ६ मिलिमीटरचं भोक पाडा. वीज गेली आणि पाणी त्या भोकाखाली उतरलं की हवा शिरते आणि उलटी ओढ थांबते. हे भोक शेवाळाने बुजतं, दर पंधरा दिवसांनी खराट्याच्या काडीने साफ करा. दुकानदार इथे नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह विकायला बघेल. खाऱ्या पाण्यात त्याच्या पडद्यावर एक वाळूचा कण अडकला की तो गळतो. हिशोब व्हॉल्व्ह नाही असं धरूनच करा.

वायरींना प्लगच्या आधी खाली झोळ द्या, म्हणजे वायरीवरून ओघळणारं पाणी बोर्डात न जाता खाली टपकेल. बोर्ड संपाच्या वर नको, बाजूला. आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती होताच वीज तोडणारा स्विच) लावल्याशिवाय पाण्यात हात घालू नका.

प्लग ओढायचा दिवस

सगळं जोडून झालं की आधी विहिरीच्या साध्या पाण्याने चालवा, मिठाचं पाणी वाया घालवू नका. पातळी स्थिर झाली की संपाच्या बाहेरून पक्क्या मार्करने रेघ मारा: "चालू". मग प्लग ओढा. पाणी खाली येऊ द्या, पूर्ण थांबेपर्यंत. तिथे दुसरी रेघ: "बंद". प्लग लावा, परत चालू होतंय का बघा. असं पाच वेळा. पाचही वेळा पाणी त्याच दोन रेघांवर आलं पाहिजे.

नंतर खोटा अपघात करा. उतरत्या पाइपाचं तोंड फडक्याने बंद करा, पंप चालू ठेवा, आणि वरच्या टाकीचा काठ बघत उभे राहा. घरच्यांना त्या वेळी बाहेर पाठवलेलं बरं.

संपात पाणी भरताना कायम "चालू" रेघेपर्यंतच. पंप बंद असताना संप वरून थोडा रिकामा दिसतो म्हणून त्यात बादली ओतायची, ही चूक मी एकदा केली आहे. लादीला लागून असलेल्या लाकडी कपाटाचा खालचा फळा अजून फुगलेला आहे.

पाणी आणि कोकण

समुद्र दारात असताना मीठ विकत का घ्यायचं? उन्हाळ्यात घेऊ नका. खाडीच्या मुखापासून लांब, खडकाळ किनाऱ्यावर, भरतीच्या वेळी समुद्राचंच पाणी भरा. उधाणाला पाणी गढूळ असतं. अष्टमीच्या आसपास, भांगाला, निवळ मिळतं. होडीवाला ओळखीचा असेल तर आतून आणायला सांगा. अंधारात झाकून आठवडाभर ठेवा, गाळ बसला की वरचं घ्या. रिफ्रॅक्टोमीटरवर (पाण्याचा खारेपणा मोजायचं यंत्र) घनता १.०२५ च्या आसपास हवी. जून ते सप्टेंबर किनाऱ्याचं पाणी घेऊच नका, नद्यांनी ते पातळ आणि लालसर केलेलं असतं. त्या चार महिन्यांचा साठा आधीच करा, किंवा पुडीतलं मीठ आरओच्या पाण्यात कालवा.

किनाऱ्यावरून दगड किंवा प्रवाळाचे तुकडे उचलून संपात टाकू नका, मेलेले असले तरी. प्रवाळ आणि समुद्रघोडे वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहेत. माझ्या टाकीत फक्त मासे आहेत, तेही हॅचरीत वाढवलेले. जांभ्याचा तुकडाही आत नको, त्यात लोह भरपूर असतं आणि ते शेवाळाला आवडतं.

बाष्पीभवनाने पाणी उडतं, मीठ उडत नाही. म्हणून रोजची भर गोड्या पाण्याची. ही घट फक्त पंपाच्या कप्प्यात दिसते, बाकी कप्प्यांची पातळी पडद्यांनी धरलेली असते. माझ्या कप्प्यात एक इंच म्हणजे जवळजवळ अडीच लिटर. उन्हाळ्यात पंखा लावला की रोज एवढं जातं, म्हणजे चार-पाच दिवसांच्या लग्नाला गेलो तर पंप कोरडा. फ्लोट स्विचची स्वयंचलित भरणी बसवा, पण तिची बादली लहान ठेवा. स्विच अडकून सगळी बादली रिकामी झाली तरी संप ओसंडणार नाही, एवढीच. किनाऱ्याजवळच्या विहिरीचं पाणी वैशाखात मचूळ होतं, तेव्हा आरओचंच. पागोळ्यांचं पाणी फुकट मिळतं, पण कौलांवरचं शेवाळ आणि माकडांची कृपा त्यात असते.

संपाला जाळीचं झाकण करा. पूर्ण बंद नको, हवा लागते. नाहीतर पाल पडते. आमच्याकडे दोन पडल्या.

वीज जास्त वेळ गेली तर इन्व्हर्टरवर मोठा पंप चालवत बसू नका, बॅटरी लवकर बसते. वरच्या टाकीत हवेचा छोटा पंप चालू ठेवा, मासे त्यावर तगतात. वीज परत आली की स्किमर अर्धा तास बंदच ठेवा. पाणी उतरल्यावर तो जास्त बुडालेला असतो आणि सुरू होताच पेला भरून घाण पाणी बाहेर टाकतो.

गाळणीची पिशवी दर तीन-चार दिवसांनी काढा, उलटी करून नळाखाली धुवा, उन्हात वाळवा. दोन पिशव्या ठेवा, कारण श्रावणात एकही वाळत नाही.